वारा वजा केला की उरतो तो रस्ता

“किती पळते ही?” सायकलवरून उतरले रे उतरले की हा प्रश्न ठरलेला. डच आजोबा विचारतात, शाळेतली पोरं विचारतात, आणि इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या गणपतीत भेटलेली मंडळीही प्रसाद हातात घेऊन हेच विचारतात. मी उलट विचारते, “कुठल्या रस्त्यावर?” समोरच्याला वाटतं, बाई उत्तर टाळतेय. पण रिकंबंट सायकलच्या बाबतीत याच्याइतकं सरळ उत्तर दुसरं नाही.

ज्यांनी ही सायकल पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची ही आडवी सायकल. माझी त्यातही बुटकी, जिला इथे लोरेसर म्हणतात. बूड जमिनीपासून दीड वीत, पॅडल बुडापेक्षाही वर, पुढचं चाक २० इंची, मागचं २६ इंची. चेन एवढी लांब की साध्या सायकलच्या जवळजवळ तीन चेन जोडाव्या लागतात. ती एका प्लॅस्टिकच्या नळीतून मांडीखालून जाते आणि तेल कमी पडलं की कुरकुरून सांगते. मान टेकायला मागे छोटी उशी. शेजारून मोटार गेली तर माझं डोकं तिच्या दाराच्या हँडलखाली. म्हणून मागे काठीवर एक भगवट-नारिंगी झेंडा. त्याच्यावरून इथल्या मराठी मंडळींत बरेच विनोद होऊन गेले आहेत.

घेतली मनगटांसाठी. ऑफिसात दिवसभर कीबोर्ड आणि वर साध्या रेसिंग सायकलच्या हँडलवर भार, यानं हाताला मुंग्या यायच्या. मनगटं बरी झाली. सायकल मात्र वेगासाठी ठेवली.

आता थोडं गणित. कंटाळा येत असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पण बाकी सगळं त्यावरच उभं आहे. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याला दोनच गोष्टी अडवतात, समोरची हवा आणि खालचा रस्ता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि तो तोडायला लागणारी ताकद घनानं. म्हणजे वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट ताकद. टायरच्या घर्षणाचा विरोध मात्र वेग वाढला तरी जवळजवळ तेवढाच राहतो. माझ्यासारखं माणूस नेटानं तासन् तास १५० वॅट देऊ शकतं असं धरा. साध्या रेसिंग सायकलवर चांगल्या डांबरी रस्त्यावर त्यात ताशी २९-३० किलोमीटर पडतात. आडवं होऊन हवेला दिसणारं अंग जवळजवळ निम्मं केलं की तेवढ्याच ताकदीत ३४-३५. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट लोक विसरतात. हवेचा वाटा घटला की रस्त्याचा वाटा आपोआप वाढतो. त्याच ताकदीनं मी खडबडीत फरसबंदीवर गेले की निम्मी मेहनत खालचे दगड खातात आणि वेग ३१-३२ वर येतो. साध्या सायकलवाल्याचंही नुकसान होतं, पण त्याची मुख्य भांडणं वाऱ्याशी असल्यामुळे त्याला ते एवढं जाणवत नाही. माझं वाऱ्याशी बऱ्यापैकी मिटलंय, त्यामुळे रस्त्याशी रोजचा उभा दावा.

आमच्या ब्राबांट प्रांतात सायकलचे रस्ते म्हणजे लाल डांबर. नवं असेल तर पोटातलं पाणी हलत नाही. पण दोन्ही कडांना उंच झाडं, आणि त्यांची मुळं डांबराखालून आडवी जातात. डांबर फुगून रस्त्यावर आडवे उंचवटे येतात. साधा सायकलवाला अशा ठिकाणी नकळत बूड उचलतो, गुडघे वाकवतो, धक्का पायांत जिरतो. मला बूड उचलायची सोयच नाही. वजन सगळं सीटवर, सीट फ्रेमला बोल्टनं बसवलेली, त्यामुळे उंचवटा थेट माकडहाडाला येऊन भेटतो. पुढचं चाक लहान असल्यानं ते साध्या चाकासारखं वरून निघून जात नाही, खाचेत उतरतं आणि मग बाहेर येतं. म्हणून मला रस्ता वीस-तीस मीटर आधी वाचावा लागतो. झाडाची सावली पडली असेल तर उंचवटा दिसत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पश्चिमेला तोंड करून जाताना तर अगदी डोळ्यांत तेल घालून.

याच रस्त्यांवरची दुसरी भानगड म्हणजे खांब. मोटार घुसू नये म्हणून सायकलरस्त्याच्या तोंडाशी मधोमध एक खांब रोवलेला असतो. त्याच्या आधी जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या मारलेल्या असतात, पण त्या जुन्या झाल्या की पुसट होतात. ताशी पस्तीसनं जाताना, डोळे जमिनीपासून जेमतेम हातभर-दीड हात वर असताना, खांब दिसतो तो पुढच्या सायकलवाल्याच्या पाठीमागून अचानक. त्यामुळे पुढे कोणी असेल तर मी अंतर ठेवते, वेग कितीही मोहात पाडो. आणि शाळा सुटायच्या वेळेला मी पळवतच नाही. चार-चार पोरं हातात हात घालून सायकली चालवत असतात. तिथे ताशी अठरा म्हणजेही जास्तच.

आता विटांबद्दल. डच गावात शिरलं की डांबर संपतं आणि विटांची फरसबंदी सुरू होते. आपल्याकडे फुटपाथवर पेव्हर ब्लॉक असतात ना, त्याच जातीचं, पण भाजलेल्या विटांचं आणि कित्येक वर्षं वापरलेलं. काही गल्ल्यांत विटा नागमोडी रचलेल्या असतात, काही ठिकाणी सरळ आडव्या ओळीत. फरक ऐकून तुम्हाला हसू येईल, पण पाठीला तो लगेच कळतो. आडव्या ओळींत प्रत्येक सांधा चाकाला एकदमच लागतो आणि थरथर एकसुरी होते. नागमोडीत सांधे तिरके लागतात, ते बरं. आणि मानेची उशी! गुळगुळीत रस्त्यावर तिच्यासारखं सुख नाही. विटांवर तीच उशी कवटीत कंप भरते. हेल्मेट खडखडतं, आणि चालू मिक्सरच्या भांड्यावर कपाळ टेकल्यासारखे डोळे हलायला लागतात. समोरची पाटी दोन-दोन दिसते. अशा वेळी मान उशीपासून दोन बोटं उचलून धरायची. दिसायला सगळं पुन्हा एक होतं. मात्र गाव मोठं असेल तर दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत मान भरून येते. पोटाचे व्यायाम का करायचे, हे मला कुठल्या जिममध्ये नाही, इथल्या विटांवर कळलं.

टायर पक्के फुगवले की वेग जास्त, असं आपण लहानपणापासून ऐकतो. सांगलीला दुकानातला पंपवाला टायर अंगठ्यानं दाबून “आता दगड झाला” म्हणायचा आणि आम्ही खूश. काचेसारख्या रस्त्यावर ते खरंही आहे. खडबडीत रस्त्यावर मात्र दगड झालेला टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, आणि हे उचलणं आपल्याच ताकदीतून जातं. जरा मऊ, जरा रुंद टायर उंचवटा पोटात घेतो आणि पुढे जातो. पुढच्या चाकाला मी आता ४० मिलिमीटरचं टायर लावलंय. तेव्हापासून विटांच्या गावातून बाहेर पडताना वेगही थोडा जास्त असतो आणि तोंडात शिव्याही कमी.

सीमा ओलांडून बेल्जियममध्ये गेलं की काँक्रीटचे सायकलरस्ते पुष्कळ. आमच्याकडून वेर्टमार्गे झाउड-विलेम्स कालव्याला लागलं की त्याच्या काठाकाठानं बेल्जियमच्या लिम्बुर्ख प्रांतातून खाली मास्त्रिख्तपर्यंत जाता येतं. हा माझा सगळ्यात आवडता पल्ला. वळण नाही, चढ नाही, एका बाजूला पाणी, आणि नाक्यानाक्यावर आकड्यांच्या पाट्या. पाट्यांवरचे आकडे एकामागून एक लक्षात ठेवत जायचं, नकाशा लागत नाही. सायकलरस्त्यांची ही आकड्यांची पद्धत याच बेल्जियन लिम्बुर्खमध्ये १९९५ साली सुरू झाली आणि मग सगळ्या नेदरलँड्सनं उचलली. काँक्रीटच्या स्लॅबमध्ये ठरावीक अंतरावर सांधा असतो, त्याचा टक्-टक् आवाज येतो, आधी पुढच्या चाकाचा, लगेच मागच्याचा. थोडा सराव झाला की या ठेक्यावरून वेग कळतो, खालच्या मीटरकडे बघावं लागत नाही. ठेका मंदावला की समजायचं, वारा समोरून सुटलाय. समोरच्या वाऱ्यात लोरेसरची खरी मजा. साध्या सायकलींचा अख्खा जथा एकमेकांच्या पाठीमागे लपत चाललेला असतो आणि मी एकटी बाजूनं निघून जाते. माझ्या मागे लपून बघणारेही भेटतात. त्यांची निराशा होते, कारण माझ्यामागे आडोसा म्हणावा असा नसतोच.

ही गंमत काही नवी नाही. ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सिस फोर नावाच्या, दुसऱ्या फळीतल्या मानल्या जाणाऱ्या स्पर्धकानं शार्ल मोशेनं बनवलेल्या आडव्या सायकलवर तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापलं. त्याआधीचा ऑस्कर एगचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता. झालं, सायकलजगताची झोप उडाली. हा विक्रम मानायचा की नाही यावर खल झाला आणि १९३४ साली यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनं शर्यतीच्या सायकलची व्याख्याच अशी केली की आडवी सायकल आपोआप बाहेर पडली. फोर तरीही थांबला नाही. १९३९ साली त्यानं सायकलवर हवा कापणारं कवच चढवून तासात ५० किलोमीटरची रेघ ओलांडली. उभ्या सायकलवर ती रेघ ओलांडायला १९८४ साल उजाडलं, मेक्सिको सिटीत फ्रान्चेस्को मोझरच्या पायांनी. कवचाचा फायदा मोठा असतो, तुलना सरळ नाही, हे मला मान्य. पण एखादी गोष्ट वेगवान आहे म्हणून ती शर्यतीतून बाद करायची, या न्यायाला काय म्हणावं! त्या एका निर्णयानं आडव्या सायकलीवरचं संशोधन आणि पैसा पुढची चाळीसेक वर्षं आटला. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात मानवी ताकदीच्या वाहनांच्या शर्यती सुरू झाल्या तेव्हा कुठे पुन्हा धुगधुगी आली.

आज अमेरिकेच्या नेवाडा राज्यात बॅटल माउंटन गावाबाहेर पूर्ण कवचातल्या आडव्या सायकली पळतात. २०१३ साली इथल्याच डेल्फ्ट आणि ॲमस्टरडॅमच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या सायकलवर सेबास्तियान बोवियरनं ताशी १३३.७८ किलोमीटर गाठले, आणि २०१६ साली कॅनडाच्या टॉड रायकर्टनं १४४.१७. मोजतात फक्त शेवटचे २०० मीटर, पण त्याआधी वेग धरायला काही किलोमीटर सरळ, सपाट रस्ता लागतो. तो शोधत जगभरची मंडळी नेवाडाच्या वाळवंटात जातात. म्हणजे वाऱ्यावर एवढी मात करूनही शेवटी प्रश्न रस्त्याचाच.

मास्त्रिख्तमध्ये जुन्या गावात गोल डोक्याचे दगड आहेत. तिथे मी सरळ उतरते आणि सायकल हातात धरून चालते. त्यात कमीपणा वाटायचं वय गेलं.

मास्त्रिख्तच्या पुढे डच बाजूचं दक्षिण लिम्बुर्ख. सपाट देशात टेकड्या इथेच काय त्या. युरोपातल्या नेदरलँड्समधली सगळ्यात उंच जागा, फाल्सच्या डोंगरावरची, ३२२ मीटर. सह्याद्रीतलं माणूस याला टेकाडच म्हणेल, पण चढ छोटे आणि खडे आहेत. कौबर्ख १२ टक्क्यांपर्यंत जातो, कॉइटेनबर्ख तर २२ टक्क्यांपर्यंत. आडव्या सायकलवर पॅडलवर उभं राहता येत नाही. शरीराचं वजन वापरता येत नाही, सगळं मांड्यांनी आणि पाठीनं. शिवाय तोल सांभाळायचा तर किमान वेग लागतो, ताशी सहाच्या खाली माझी सायकल डुगडुगते. कॉइटेनबर्खच्या खड्या तुकड्यावर ताशी सहा टिकवायला ३०० वॅट लागतील. ते माझ्याकडे नाहीत, पुढच्या जन्मी बघू. कौबर्ख मी चढते, हळू, सगळ्यात हलक्या गिअरवर, आणि सत्तरीतले काका “मोर्खन” म्हणत पुढे निघून जातात.

मग उतार येतो. काकांना मी पुन्हा भेटते, पण फार थोडा वेळ.

फाइलेनहून एपेनकडे उतरणारा कामेरिख हा माझा लाडका उतार. लांब, पाच टक्क्यांच्या आगेमागे, खाली गायी, पलीकडे बेल्जियमच्या टेकड्या. पाच टक्क्यांच्या उतारावर पॅडल न मारता साधी सायकल ताशी ४५ च्या आसपास जाऊन थांबते, म्हणजे तिथे वारा तिला धरतो. माझी ६० च्या पुढे जाते आणि तरी वाढतच असते. सुरुवातीला हँडल घट्ट आवळावंसं वाटतं, ते अजिबात करायचं नाही. मुठी सैल, कोपरं सैल, मान उशीपासून किंचित वर, नजर वळणाच्या पार पलीकडे. पाय पॅडलला क्लिपनं अडकलेले हवेतच. खडबडीत जागी पाय सुटून जमिनीला लागला तर वेगात तो मागे ओढला जाऊन सायकलच्या खाली येतो, आणि मग घोटा, गुडघा, जे सापडेल ते जातं. म्हणून सपाट पॅडलवर लोरेसर पळवणाऱ्यांना मी हात जोडते. ब्रेक मात्र या सायकलवर निर्धास्त दाबता येतात. भार इतका खाली असतो की जोरात दाबूनही सायकल पुढे उलटायचा धोका जवळजवळ नाही. भीती असते ती पुढचं चाक घसरण्याची. इथली माती लोस, पिठासारखी बारीक. बटाटे-बीट काढायच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती रस्त्यावर येते आणि एक सर पडली की साबण. शरद ऋतूत शेताच्या तोंडाशी रस्त्याचा रंग बदललेला दिसला की मी वळणाच्या बऱ्याच आधी वेग तोडते. वळणात शिरल्यावर तोडून उपयोग नाही.

फाल्सहून जर्मनीतलं आखेन गाठलं की फेनबान सुरू होतो. जुन्या रेल्वेमार्गावर केलेला १२५ किलोमीटरचा सायकलरस्ता, आखेनपासून थेट लक्झेंबर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत. गंमत म्हणजे व्हर्सायच्या तहानंतर ही रेल्वेलाइन बेल्जियमला मिळाली, आजूबाजूची गावं जर्मनीतच राहिली. त्यामुळे बरंच अंतर दोन्ही बाजूंना जर्मनी आणि चाकाखालची पट्टी बेल्जियमची, असा कारभार अजून आहे. आगगाडीसाठी बांधलेला म्हणून चढ फार तर दोन टक्के. वर मोन्शाउच्या दिशेनं जाताना तो संपता संपत नाही, पण परतीला लामर्सडोर्फपासून रोटगेन, मग कोर्नेलिम्युन्स्टर, असा खाली येतो तेव्हा चांगलं डांबर आणि एकसारखा उतार. दोन टक्क्यांवर नुसती बसून राहिले तरी ताशी ३५, पाय हलवत राहिले की ४५. दम लागत नाही, बोलता येतं, गुणगुणता येतं. चढ-उतार, फरसबंदी, वारा, सगळ्यांशी भांडून झाल्यावर हा एवढा रस्ता माझ्या बाजूचा. फक्त मोटाररस्ता आडवा आला की थांबायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं. आणि थांबायच्या आधी गिअर हलका करायचा, नाहीतर सुटताना पंचाईत.

आईला सांगलीत व्हिडिओवर हे सगळं दाखवलं. ती म्हणाली, “माणसं बसून सायकल चालवतात, तू निजून चालवतेस. डोळा लागला म्हणजे?” दादाला मात्र हौस, “इकडे घेऊन ये, सांगली-मिरज रोडला पळवू.” त्याला म्हटलं, तिथे ट्रकच्या ड्रायव्हरला मी दिसणार नाही आणि मला स्पीडब्रेकर वेळेत दिसणार नाही. पांढरे पट्टे नसलेला, कोणीतरी रातोरात घातलेला एक स्पीडब्रेकर माझ्या वीस इंची चाकाला पुरेसा आहे. त्याला ते फारसं पटलेलं नाही.

सध्या डोक्यात वेलोमोबिलचं खूळ आहे. तीन चाकांची आडवी सायकल आणि भोवती पूर्ण कवच, डोकं तेवढं बाहेर. ड्रॉन्टेनला क्वेस्ट नावाची बनते, तशी एक ओळखीतल्यांची चालवून पाहिली. माझ्याच १५० वॅटमध्ये ताशी ४५ च्या पुढे गेले आणि पावसात पाय कोरडे. पाऊणएक मीटरपेक्षा रुंद, तीन चाकी सायकलला इथे मोटारीच्या रस्त्यावरून जायची मुभा आहे, म्हणजे खांबांचा आणि मुळांचा प्रश्न बराचसा मिटला. पण गावात शिरले आणि विटा लागल्या तशी ती अख्खी ताशासारखी वाजायला लागली. फुटपाथवरचे लोक वळून बघायला लागले. त्यात वाऱ्याचा वाटा एवढा कमी झालेला असतो की अर्ध्याहून जास्त ताकद नुसत्या टायरांवर जाते, आणि टायर दोनाऐवजी तीन निवडून घ्यावे लागतात.

नवरा म्हणतो, गॅरेजमध्ये एक तर गाडी राहील नाहीतर ते पिवळं धूड. गाडी बाहेर ठेवायचा परवाना नगरपालिकेकडे मिळतो का, ते मी चौकशी करून ठेवलंय.